माझ्या नावावरची मोटरसायकल

दुकानातली पोरगी हळू बोलली, तिथंच मला कळायला हवं होतं. इतका वेळ ती सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती, जाड कापडाला ही सुई, पातळ कापडाला ती, वर्षाची गॅरंटी, घरपोच फुकट. मग तिनं माझा सरकारी ओळखीचा नंबर विचारला, मी माझे अकरा आकडे घडाघडा सांगितले, तिनं ते कॉम्प्युटरात मारले, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं, आणि झग्याला मागून डाग लागलाय हे सांगायला एक बाई दुसरीकडे झुकते तशी काउंटरवरून झुकली. "मावशी, तुमचं नाव मळलंय."

"मोठ्यानं बोल," मी म्हटलं. मला कानात सांगितलेलं काही आवडत नाही, नवऱ्याचंही आवडायचं नाही.

"थकबाकी दाखवतंय. मोटरसायकलची."

मागे रांगेत कुकर कवटाळून उभा असलेला माणूस हसला. मीही हसले. हसण्यासारखंच होतं ते. चौऱ्याहत्तरावं लागलेलं, दोन्ही गुडघे गेलेले, बसची पायरी चढताना ड्रायव्हरला हाक मारून थांब म्हणावं लागतं, आणि मोटरसायकल. पण रोसिलेने हसली नाही. तिचा हात शिलाई मशीनवर होता, ओव्हरलॉकचं नवंकोरं मशीन, आणि तो हात तिनं हळूच काढून घेतला, तव्यावरून काढावा तसा. रोसिलेने माझी धर्मलेक. बाप्तिस्म्याला पाण्यावर तिला मी धरलं होतं, म्हणून ती मला मादीन म्हणते. आता एकेचाळीस वर्षांची आहे, नवरा नाही, दोन मुली आहेत, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला धड काम मिळालं होतं, शाळेच्या गणवेशांचं, दोनशे सत्तर जोड, फेब्रुवारीत शाळा उघडायच्या आत. तिच्या जुन्या मशीनवर ते व्हायचं नव्हतं. हे मशीन हप्त्यावर घ्यायचं, नाव माझं, हप्ते तिचे.

आमच्या ग्वामात असंच चालतं. बेलेम शहराच्या बाकीच्या वस्त्यांमध्येही असंच चालत असेल, मला ग्वामाचं माहीत. ज्याचं नाव स्वच्छ त्यानं ते द्यायचं. साखर देतात, खाट देतात, तसं नाव देतात. माझ्या नावावर या गल्लीत सात शेगड्या आल्या, पाच फ्रीज आले, सायकली किती ते मोजले नाहीत, एक लग्नाचा पलंग आला ज्यावर आता तिसरा नवरा झोपतो. चाळीस वर्षांत दोघांनी बुडवलं. एक माझा दीर, रेडिओ घेतला आणि मनाउसला पळाला. त्याचे हप्ते मी भरले, कुणाला बोलले नाही, कारण नाव महत्त्वाचं. माझ्याकडे घर नाही स्वतःचं, दात वरचे नाहीत, नवरा एवरान्दो गेला त्याला अकरा वर्षं झाली, पण दुकानात अकरा आकडे सांगितले की पोरी खुर्ची द्यायच्या. बसा, दोना झुल्मीरा. ती खुर्ची. त्या दिवशी दुकानातून बाहेर पडताना मला दिसलं की खुर्ची तिथंच होती, रिकामी, आणि मला कुणी बस म्हटलं नव्हतं.

घरी येताना रोसिलेने माझ्या पुढं चालत होती. कोपऱ्यावर तिनं विचारलं, "मादीन, खरं सांग. कुणाला दिलंस नाव?"

"कुणाला नाही."

"मोटरसायकलसाठी कुणी आलं असेल. तू नाही म्हणत नाहीस कुणाला."

"रोसिलेने, मी शेगडी दिली, फ्रीज दिला. मोटरसायकलवर पोरं मरतात. मी कुणाला मरण हप्त्यावर घेऊन देत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तिला विश्वास ठेवावा का ते कळेना हे मला तिच्या तोंडावर दिसलं. राग मला फायनान्सवाल्यांवर येण्याआधी असा, गल्लीच्या कोपऱ्यावर, स्वतःच्या धर्मलेकीवर आला. पण तिचाही काय दोष. मी थापाडी आहे. मी काही लपवत नाही. सगळ्या ग्वामाला माहीत आहे. माझा एवरान्दो नावाडी होता, त्याला एकदा इतका मोठा पिरारुकू मासा लागला की त्या माशानं होडीच ओढत नेली, तीन दिवस तीन रात्री, आणि परत आणून सोडली तेव्हा होडीत माशाची चार पोरं झोपली होती, हे मी इतक्या जणांना सांगितलंय की आता ते मला शिकवतात. तीन दिवस नाही झुल्मीरा, चार. मी टॅपिओकाचं पीठ चाळता चाळता एका बाईला रंगवून सांगितलं होतं की माझ्या आजीला शेपूट होतं, छोटंसं, रविवारी दिसायचं. त्याचं कुणाचं काय गेलं? ती बाई हसून हसून बेजार झाली आणि तिचा पोटात राहिलेला राग गेला. माझ्या थापेत कुणाला पैसे भरावे लागत नाहीत. कुणाला सही करावी लागत नाही. आणि आता कुणीतरी माझ्या नावानं थाप मारली होती, कोरडी, बिनमजेची, आणि ती सगळ्यांनी मानली. माझी एक मानली नाही कुणी पन्नास वर्षांत, त्याची पहिल्या फटक्यात मानली.

नंतर फोन सुरू झाले. सकाळी साडेआठला पहिला, असाईच्या फळांचा गर आणि तळलेला मासा पुढ्यात घेऊन बसले की दुपारचा, कापडी झोपाळ्यात पाठ टेकली की तिसरा. आधी बाई.

"झुल्मीरा बोलतेय का?"

"झुल्मीराच. तू कोण?"

"मी तालीता, फायनान्सकडून. कशी आहेस तू, झुल्मीरा?" माझ्या नातीच्या वयाची असेल, आणि नुसतं झुल्मीरा. माझ्या नवऱ्यानंही चारचौघात मान ठेवून दोना म्हटलं मला. "तुझ्यासाठी एक छान संधी आहे बघ."

"कसली?"

"तुझं नाव स्वच्छ करायची."

"मळवलं कुणी?"

"त्याची माहिती माझ्याकडे नाही, झुल्मीरा. माझ्याकडे फक्त हप्त्यांची माहिती आहे."

"मग ज्याच्याकडे आहे त्याला दे."

"तसा विभाग नाही आमच्याकडे."

मग बाई गेली आणि मशीन आलं. म्हणजे आवाज बाईचाच, पण श्वास न घेणारा. आपण झुल्मीरा असाल तर एक दाबा. आपण झुल्मीराला ओळखत असाल तर दोन दाबा. मी फोन हातात धरून स्वयंपाकघरात उभी राहिले, शेगडीवर तेल तापलेलं, आणि अंगठा त्या आकड्यांवर असा थांबला की जणू परीक्षा आहे. एक दाबलं तर मोटरसायकल माझी. दोन दाबलं तर मी माझी शेजारीण. तिसरं बटण नव्हतं. मी झुल्मीरा आहे पण ती नाही, याला कुठलं बटण दाबायचं? तेल जळायला लागलं. वास घरभर झाला, पडद्यांत बसला, आठ दिवस गेला नाही, आणि त्या वासाबरोबर तो आवाजही घरात राहिला, आपण झुल्मीरा असाल तर.

एवढ्यावर थांबले असते तर मी काही बोलले नसते. पण त्यांनी औषधाच्या दुकानात फोन केला. झुल्मीराला सांगा, फोन कर म्हणून. चर्चच्या ऑफिसात केला. समोरच्या दोमिंगासला केला, जिचा फ्रीज माझ्या नावावर आलाय. दोमिंगास दारात येऊन म्हणाली, "काय गं, काय केलंस?" आणि तिच्या डोळ्यांत काय होतं सांगू? आनंद नव्हता. भीती होती. तिला वाटलं, आता हिच्या नावावरचा फ्रीज घेऊन जातील की काय. तिचे हप्ते कधीच संपलेत, तरी वाटलं. नाव मळलं की ते ज्याला ज्याला लागलंय त्याला डाग लागतो, असं काहीतरी.

कसं झालं ते शेवटी पोलीस ठाण्यात कळलं, आणि तेही मीच सांगितलं, त्यांनी नाही. तिथल्या पोरानं विचारलं, "भाचा? पुतण्या? जावई?"

"कुणी नाही."

"आजी, नेहमी भाचाच असतो."

"माझा भाचा पाद्री आहे, तो चालत जातो."

तो लिहीत होता, आणि त्यानं विचारलं की कुणाला तोंडाचा फोटो दिला होता का अलीकडे, मोबाइलवर, मान इकडे तिकडे करून. आणि मला आठवलं. मागच्या नाताळच्या आधी. सामाजिक सभागृहात. पिवळी जाकिटं घातलेल्या दोन बाया, गरिबांना शिध्याची पिशवी वाटत होत्या, तांदूळ, घेवडा, कसावाचं पीठ, तेल, सार्डिनचे दोन डबे. फक्त नोंद करायची, मावशी, नंबर सांगा. मी सांगितला. औषधाच्या दुकानात सवलतीसाठी सगळेच ओरडून सांगतात, रांगेतल्या माणसाला शेजाऱ्याचा पाठ होतो, नंबर काय लपवायची गोष्ट आहे? मग एक म्हणाली, आता कॅमेऱ्याकडे बघा. डोळे मिटा. उघडा. डावीकडे. आता हसा. आणि मी केस सारखे केले. मी पिशवीतून कंगवा काढून केस सारखे केले, वरचा ओठ हिरड्यांवर ओढून घेतला आणि हसले, कारण कुणी फोटो काढत असेल तर हसावं. ते हसू त्यांनी विकलं. तांदूळ किड्यांचा निघाला.

कंपनीनं कराराची प्रत पाठवली तेव्हा त्यात तो फोटो होता. मी तो किती वेळ बघत बसले. झोपाळ्यात आडवी, छातीवर कागद, पंखा वर घरघरतोय, दुपारची ती वेळ जेव्हा गल्लीत कुत्रंही भुंकत नाही. खाली छापलेलं, ग्राहकाची ओळख पटली. माराबाच्या दुकानातून लाल रंगाची मोटरसायकल. माराबा मी पाहिलेलं नाही. बसनं अख्खी रात्र लागते म्हणतात, एवरान्दो नदीनं जाऊन आला होता एकदा. आणि तो फोटो हसत होता. इतका खुशीत हसत होता की बघणाऱ्याला वाटावं, या बाईनं आत्ताच काहीतरी मनासारखं घेतलंय. मी त्या बाईकडे बघत राहिले, आणि मला तिचा हेवा वाटला, हे मी कुणाला सांगितलं नाही. ती माराबात होती. तिचे गुडघे दुखत नव्हते. मग दंडाचं पत्र आलं, वाहतूक खात्याकडून, झुल्मीरा ताव्हारेस मोराइस यांनी भर रस्त्यात एका चाकावर वाहन चालवले. एका चाकावर. हेल्मेट न घालता. गल्लीत पत्र वाचलं गेलं तेव्हा लोक भिंतीला धरून हसले, आणि मी हसले नाही, कारण ही थाप माझ्यापेक्षा सरस होती. पन्नास वर्षांत मला सुचलं नाही ते कुठल्या तरी चोरट्यानं सरकारी कागदावर करून दाखवलं. दुपारी झोप लागायची तशी लागेना. डोळा लागला की इंजिनचा आवाज यायचा, तांबड्या मातीचा रस्ता, वारा तोंडावर, हात मुठींवर, आणि मी जागी व्हायचे ती हातांत कंप घेऊन, खराखुरा कंप, तळव्यांत. एकदा मी उठून आरशात बघितलं. तुम्ही थाप बरीच वर्षं सांगितली की ती आतून खरी व्हायला लागते, हे मला माहीत आहे. तो मासा एवरान्दोला लागला होता की नव्हता, हे आता मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मग हे? रोज तीन वेळा फोनवर कुणी सांगतंय, झुल्मीरा तू घेतलीस, झुल्मीरा तू घेतलीस. मी आरशाला म्हटलं, नाही घेतली. आणि आवाज माझा असा आला की माझाच विश्वास बसला नाही. त्या क्षणाचा राग मला अजून आहे. मोटरसायकलचा नाही इतका. माझं खोटं माझं होतं, आणि माझं खरंही माझं होतं, आणि दोन्हीमध्ये कुंपण कुठं आहे ते मला अंधारातही माहीत होतं. त्या लोकांनी ते कुंपण उपटून टाकलं.

आणखी एक गोष्ट. ज्या दिवशी तो करार झाला त्या दिवशी मी इथं, बेलेममध्ये, बँकेच्या रांगेत होते. पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा आपण जिवंत आहोत हे दाखवायला जावं लागतं. काउंटरवरच्या माणसानं माझं तोंड बघितलं, कागद बघितला, शिक्का मारला. तारीख तीच. मला वाटलं, जिंकले. मी फोनवर तालीताला सांगितलं, ती म्हणाली, करार मोबाइलवरून झालाय, झुल्मीरा, ग्राहक कुठंही असला तरी चालतो. मग मला रांगेत कशाला उभं करता? जिवंत आहे हे सांगायला मी पायानं चालत जायचं, आणि कर्ज काढायला माझं नुसतं हसू पुरतं. हे मी तिला म्हटलं. ती म्हणाली, "तुझी अडचण मी नोंदवून घेतली."

मी कोर्टात तक्रार केली होती, तिची डिसेंबरात सुनावणी लागली. न्यायाधीशाची नाही, समेटाची. कोर्टाच्या इमारतीतला एक हॉल, लहान लहान टेबलं, प्रत्येक टेबलापाशी एक कंपनी, एक माणूस, आणि मध्ये कोर्टाची एक बाई. आमच्या टेबलाची बाई ग्रासिएते नावाची, गळ्यात चष्मा, समोर थंड झालेली कॉफी. कंपनीचा वकील तरुण होता, त्याच्या कोटाच्या बाहीवरची शिंप्याच्या नावाची पट्टी अजून काढलेली नव्हती. रोसिलेनेनं ती बघितली, तिचा हात शिवशिवला. तिला मी बरोबर घेतलं नव्हतं, तीच आली. शाळेच्या बाईंनी तिला शुक्रवारपर्यंतची मुदत दिली होती. मशीन आलं तर काम, नाहीतर दुसरीकडे.

वकिलानं माझ्या नावावर आजवर काय काय घेतलं गेलं त्याची यादी काढली. शेगड्या. फ्रीज. तो पलंगही होता. "दोना झुल्मीरा," तो म्हणाला, अगदी अदबीनं, "एवढं सगळं आपण स्वतः वापरता?"

"नाही. दिलं."

"म्हणजे आपण दुसऱ्यांसाठी खरेदी करता."

"माझं नाव आहे. माझ्या नावानं माझ्या लोकांना शेगडी पेटवू द्यायची की नाही हे मी ठरवते."

"तेच म्हणतो मी. मग ही मोटरसायकलही कुणासाठी असू शकते."

चाळीस वर्षं जे मी चांगलं म्हणून केलं, त्यानं ते दोन बोटांत उचललं आणि माझ्याच गळ्यात घातलं. टेबलाच्या कडेला बोटं घट्ट झाली, त्या प्लायवूडचं कुसळ नखाखाली गेलं, आणि मी ते काढलं नाही, असू दे म्हटलं, दुखू दे, निदान हे माझं दुखणं आहे याबद्दल कुणाला शंका नाही.

ग्रासिएते वकिलाकडे वळली. "प्रस्ताव काय आहे?"

आणि त्यानं जो प्रस्ताव सांगितला तो ऐकून रोसिलेनेनं श्वास सोडला. कंपनी सगळं कर्ज माफ करते. एक रेआल भरायचा नाही. दंडाची पत्रंही कंपनी बघेल. पाच दिवसांत नाव स्वच्छ. फक्त एका कागदावर सही, की करार ग्राहकानं केला होता, आणि कंपनी आपल्या मोठेपणानं तो मिटवते आहे.

"करार मी केला नव्हता," मी म्हटलं.

"ते आता महत्त्वाचं नाही, आजी. पैसे तर मागत नाही आम्ही."

ग्रासिएतेनं चष्मा डोळ्याला लावला. "मला सांगावं लागेल तुम्हाला. सही केलीत की यांच्यावर भरपाई मागता येणार नाही. नाही केलीत तर न्यायाधीशांपुढं जाईल. एप्रिलची तारीख मिळेल."

"एप्रिल," रोसिलेने म्हणाली.

पैसे नको होते त्यांना. माझी थाप हवी होती. इतके दिवस मी विचार करत होते की लढाई पैशाची आहे, आणि ती त्या क्षणी माझ्यापुढं उघडी झाली, झाकण काढल्यावर मडक्यात मासा दिसावा तशी. त्या चोरट्यानं माझ्या नावानं जे खोटं सांगितलं, ते आता मी माझ्या तोंडानं सांगायचं होतं. म्हणजे ते खरं होणार होतं. माराबातली ती बाई, हसणारी, तिला मी सही करून जिवंत करायचं, आणि आरशापुढं नाही घेतली म्हणणारी मी, तिला मिटवायचं. सगळं फुकट. मोठेपणानं.

"कर सही," रोसिलेने म्हणाली. हळू नाही, सगळ्या टेबलाला ऐकू जाईल असं. "मादीन, कर."

"खोटं आहे गं ते."

"तू खोट्याला कधीपासून घाबरायला लागलीस?" तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती ते पुसत नव्हती. "आयुष्यभर थापा मारल्यास. माशाच्या, शेपटीच्या, काय काय. लहानपणी मी तुझ्या थापांवर झोपलेय. एक माझ्यासाठी मार. एकच. दोनशे सत्तर गणवेश आहेत."

वकील खाली बघत होता, त्याला लाज वाटली असावी, किंवा घड्याळ बघत असेल. पेन माझ्यापुढं होतं. कंपनीचं नाव छापलेलं पेन. मी तिचं ऐकलं नाही असं कुणी म्हणू नये. मी ऐकलं. मी त्या पोरीला पाण्यावर धरलं होतं, डोकं इतकंसं, पाणी पडल्यावर ती रडली नाही, रागानं बघितलं पाद्र्याकडे, तेव्हाच मी म्हटलं होतं ही माझीच. तिच्यासाठी मी चालत माराबाला गेले असते. पेन हातात घेतलं मी. एवढं सांगते, घेतलं. आणि त्या हातात पुन्हा तो कंप आला, इंजिनचा, आणि मला कळलं की ही सही मी करत नाही, माराबातली ती करतेय, फोनवर एक दाबतेय. मी पेन खाली ठेवलं.

"रोसिलेने," मी म्हटलं, "मी थाप मारते तेव्हा समोरच्याला माहीत असतं की मी थाप मारतेय. हसायचं असतं त्यानं. इथं कोण हसणार?"

ती उठली आणि बाहेर गेली. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला, शेजारच्या टेबलांवरची माणसं वळली. वकिलानं कागद फाइलीत घातला, मला म्हणाला, "मी तुमच्या जागी असतो तर केली असती," आणि मी म्हटलं, "म्हणूनच तू त्या बाजूला बसलास, बाबा."

ग्रासिएते टाइप करत होती. समेट झाला नाही. तिनं विचारलं, "कारण काय लिहू? तुमच्या शब्दांत सांगा, जे सांगायचं ते सगळं."

जे सांगायचं ते सगळं. असं मला आजवर कुणी विचारलं नव्हतं, सगळे मला आवर आता असंच म्हणतात. आणि सगळं जिभेवर आलं. पिवळी जाकिटं, किड्यांचा तांदूळ, तालीता, जळलेलं तेल, माराबाची ती बाई एका चाकावर आणि मागे पोलिसांची गाडी, आणि त्या गाडीमागे अजून काही, मला तर नदीही दिसायला लागली होती मागे धावताना. ग्रासिएतेची बोटं बटणांवर थांबली होती. मी ते सगळं गिळलं. कष्ट पडले, खोटं नाही सांगत.

"लिहा, मोटरसायकल मी घेतली नाही."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

तिनं माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं, मग एवढंच लिहिलं, आणि कागद काढून दिला. त्यावर मी सही केली, माझ्या पेनानं.

रोसिलेने बसथांब्यावर होती. मी शेजारी जाऊन उभी राहिले, तिनं सरकून जागा केली नाही, गेलीही नाही. कानाला फोन होता. शाळेच्या बाईंशी बोलत होती. "नाही, नाही जमायचं. मशीन नाही मिळत मला. ... हो, माहीत आहे शुक्रवार. द्या दुसऱ्यांना." मग पलीकडून कारण विचारलं असावं, तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. थांब्यावर वीसेक माणसं होती. "माझी मादीन खोट्या कागदावर सही करत नाही म्हणून," ती म्हणाली, रागानंच म्हणाली, तो राग माझ्यावर होता की कुणावर ते मी विचारलं नाही, अजून विचारलेलं नाही. "कोण म्हणजे? झुल्मीरा. झुल्मीरा ताव्हारेस मोराइस. ग्वामातली." माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली.

बस भरून आली. आम्ही दोघी चढलो. एका माणसानं उठून मला जागा दिली. गुडघे बोंबलत होते. मी बसले नाही, रोसिलेनेच्या शेजारी उभी राहिले.